बशीतला सातवा खड्डा

३ मार्च

सातवा खड्डा पुन्हा खणायची परवानगी मिळाली! वरिष्ठ शेवटपर्यंत कुरकुरत होते — "तुम्ही नका जाऊ, दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. तुम्हाला त्रास होईल." म्हटलं, त्रास घरी बसूनही होतोच आहे. मग सही केली.

नवऱ्याला जाऊन आज बरोबर पाच महिने. ऑफिसात त्याच्या खुर्चीवर आता छपाईयंत्र ठेवलंय. कागद अडकला की सगळे त्याला थपडा मारतात. मला बघवत नाही.

५ मार्च

सामान भरलं. फावडी, मातीच्या पिशव्या, पाणी किती मुरतं ते मोजायची लोखंडी कडी, पाण्याच्या टाक्या. जीपमध्ये मी आणि मामा. मामा म्हणजे आमचे खड्डे खणणारे. तेरा वर्षांपूर्वीच्या तुकडीतही तेच होते. मी तेव्हा सहा महिन्यांची नवखी, तो तुकडीचा प्रमुख, आणि तिसरा तो घाईखोर — जेवतानाही घड्याळ बघणारा. एवढेच आम्ही.

त्या उन्हाळ्यात बशीत आम्ही माती तपासायला चाळीस खड्डे खणले. बशी हे नाव त्यानेच ठेवलेलं — चारी बाजूंनी उंच माळ, मध्ये मैलोन् मैल खोलगट सपाटी, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जातो. पावसात फुगते आणि सगळ्या भेगा मिटतात, मग पाणी वरच उभं. तो म्हणायचा, "ही माती म्हणजे माझी आत्या. कोरडी असली तरी छळते, भिजली तरी छळते."

सातव्या खड्ड्यापुढे आमच्या अहवालात लिहिलं होतं — पाणी चांगलं मुरतं. त्या एका ओळीच्या भरवशावर कुरण खात्याने तिथे मेंढ्यांच्या विणीचे गोठे बांधले. दोन वर्षांपूर्वी अवेळी पाऊस आला. अकराशे मेंढ्या पोटापर्यंत रुतल्या. उभ्याउभ्या मेल्या.

चौकशीत तो एकच वाक्य बोलला. "सही माझी आहे." बस्स! मोजणी कुणी केली, कशी केली — एक अक्षर नाही. मूळ वह्या नियमाप्रमाणे दहा वर्षांनी रद्दीत गेलेल्या. ठपका त्याच्यावर — 'निष्काळजीपणा'. बढती गेली, मान गेला, झोप गेली. शेवटी हृदय गेलं.

मी त्याला किती बोलले! तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलास? एकदा तर भेकड म्हणाले. तो उठून भांडी घासायला लागला.

६ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, माझ्या भावाच्या नावावरचं ते पुसून या. मला बाकी काही नको." म्हटलं, त्यासाठीच चाललेय.

९ मार्च

बशीत पोचलो. कुंपणाचे खांब सगळे वाकडे, दारूच्या दुकानातून सुटल्यासारखे. दर पावसात माती फुगते, दर उन्हाळ्यात आक्रसते, खांब बिचारे करणार काय. गोठ्यांचे पत्रे कुणी काढून नेलेत, नुसते सांगाडे उभे आहेत.

सातवा खड्डा कुठे होता विचारलं तर मामा इकडे बघतात, तिकडे बघतात, टोपी काढतात, घालतात. "ताई, कशाला जुनी मढी उकरायची?"

"मामा, ज्याची उकरायची तो माझा नवरा होता."

मग दाखवली जागा.

१० मार्च

दिवसभर खोदलं. दोन मीटर. मामांचा दम अजून पूर्वीइतकाच. खाली भिंतींवर ते चकचकीत, तिरपे पृष्ठभाग — फुगलेली माती मातीवर घासून घासून झालेले, पॉलिश केल्यासारखे. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. इथे पाणी मुरणार नाही. शक्यच नाही!

मग 'चांगलं मुरतं' आलं कुठून?

दुपारी डबा उघडला आणि त्याच्यासाठी अर्धी पोळी बाजूला काढली. सवय. मामांनी पाहिलं. ती अर्धी पोळी त्यांनीच खाल्ली.

१२ मार्च

परवा कडं जमिनीत ठोकून सतत पाणी देत ठेवलं होतं, भेगा बुजेपर्यंत. आज मोजलं. सकाळी भरलेलं पाणी दिवस मावळला तरी तेवढंच. केसभर खाली गेलं असेल.

मग मुद्दाम दुसरं कडं पाच हातांवर, कोरड्या जमिनीत ठोकलं. तिथे वर नुसता भुसभुशीत चुरा — सपाट, निरागस. पाणी ओतलं. गट्‌कन गेलं! पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. चुरा बाजूला केला तर खाली ही भेग!

सापडलं! चुऱ्याखालची भेग न बघता कुणीतरी कडं ठोकलं. पाणी मातीत मुरलंच नाही, भेगेत पडलं. मोजणाऱ्याला वाटलं, वा, काय झकास मुरतंय.

तो असं कधीही करणार नाही. कधीही! 'आधी चुरा झाड, मग भेगा बुजू दे, मग मोज' — हे त्याचं पाठच होतं. त्या हंगामाच्या शेवटी शेवटी मलाही गुडघ्यावर बसवून शिकवलंन. माझ्या हातात ब्रश देऊन म्हणाला, "झाड. आत्याच्या घरात पाय ठेवायच्या आधी केर काढावा लागतो." मी त्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले. गुडघे सोलवटलेले.

१४ मार्च

एका मेंढपाळ बाईला भेटले. अकराशेतल्या साडेतीनशे तिच्या होत्या. वाटलं, दारातूनच हाकलेल. तिने चहा दिला. कोण म्हणून विचारलं. सांगितलं.

म्हणाली, "तुझा नवरा आला होता की. बातमी कळली तसा आला. तीन दिवस छातीपर्यंत चिखलात उभा राहून मेंढ्यांना दोर बांधत होता. चौदा काढल्या जिवंत. मी शिव्या घातल्या, तर मान खाली घालून ऐकल्या." मग म्हणाली, "असा माणूस चुकतो कसा, हेच मला कळत नाही."

तो नाही चुकला! असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. कपात बघत रडले. तिने पाठीवरून हात फिरवला. जिचं सगळं गेलं तिने माझी पाठ थोपटावी!

घरी तेव्हा त्याने सांगितलं होतं, ऑफिसच्या कामाला गेलो होतो. कपडे मीच धुतले होते. तीन पाण्यांनीसुद्धा काळा डाग गेला नव्हता.

१६ मार्च

विचार करून डोकं फुटायची वेळ आली. तुकडीत मोजणारे तीनच. तो असली चूक करणार नाही. मी तर तेव्हा नुसती लुडबुड करायची, पाण्याची बादली इकडून तिकडे न्यायची. राहिला कोण? घाईखोर! त्याचंच काम हे. चुरा झाडायला दोन मिनिटं लागतात, ती त्याच्याकडे कधीच नव्हती. आणि आज तो मुख्य कार्यालयात ऐटीत बसलाय. करून गेला गाव आणि दुसऱ्याचं नाव!

मामांना विचारलं, सातव्यावर त्या दिवशी घाईखोरच होता ना? मामा फावडं धूत होते. धुतलेलंच पुन्हा धुवायला लागले. "एवढं कुठे आठवतंय, ताई. वय झालं."

काल तेरा वर्षांपूर्वीच्या जीपचा नंबर तोंडपाठ सांगितलान की!

१८ मार्च

अहवाल लिहायला घेतला. मोजणीचे आकडे, फोटो, सगळं चोख. शेवटच्या पानावर घाईखोराचं पूर्ण नाव लिहिलं. बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१९ मार्च

अहवाल मामांना वाचून दाखवला. त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायची आहे. पेन हातात घेतलं, ठेवलं. "उद्या करतो."

भूक मेली पुन्हा. मामा का सही करत नाहीत?

२० मार्च

सकाळी मामा तंबूसमोर येऊन उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"ताई, तुमच्या साहेबांनी शपथ घातली होती. पण दुसऱ्याच्या पोराच्या माथी मारायला निघालात, आता मला बोलावं लागतं. घाईखोर आजारी होता, घरी गेला होता. साहेब टाक्या भरायला गेले होते. सातव्यावर तुम्हीच होतात. पाणी सरसर गेलं तशा टाळ्या वाजवल्या होत्यात तुम्ही. नंतर तुम्ही विसरलात. साहेब म्हणाले, विसरलीय ते बरं आहे, तिला कुणी आठवण द्यायची नाही."

मला अजूनही आठवत नाही. सगळं डोकं उपसलं, तरी नाही.

शेवटचं पान फाडलं. नवीन लिहिलं. मामांनी लगेच सही केली.

मग नणंदेला फोन लावला. तिने विचारलं, "सापडला का चूक करणारा?"

"सापडला."

मला रडू फुटलं. तीच मला समजवायला लागली — "रडू नका वहिनी, फार केलंत तुम्ही माझ्या भावासाठी." नाव अजून सांगितलेलं नाही.