तिसरी तार

मंगळवार, दिवेलागणीला

ह्यांची गिटार घेऊन आज एकटीच कल्याणला गेले. लकवा मारल्यापासून ह्यांच्या डाव्या बोटांत जोर नाही, जाड तारा दाबल्याच जात नाहीत. दुकानदार म्हणाला, "ताई, इलेक्ट्रिक गिटारच्या पातळ तारा चढवू? बोटांना सोप्या जातील, पण आवाज दबेल."

बोटं की आवाज? चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीत ह्यांची गिटार माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत जायची. तो आवाज दाबणारी मी कोण? तरी म्हटलं, चढवा.

"तिसरी तार मात्र गुळगुळीत येणार," तो म्हणाला. आमची जुनी तिसरी, वर बारीक तार गुंडाळलेली, खरखरीत होती. रिक्षात सारखा त्या नव्या तारेवरच हात जात होता माझा. कळेल का ह्यांना?

कळलंच. शहाडला घरी येऊन गिटार मांडीवर दिली, तर अंगठा आधी त्या तिसऱ्या तारेवरच थांबला. हे माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता चिडणार. मग डावी बोटं हळूहळू टेकवली, दाबली. कॉर्ड वाजली. अगदी बारीक.

"पंखा बंद कर गं," हे म्हणाले. "ऐकू येईल."