विहिणींचा घाटमाथा

५ ऑक्टो., रविवार
सु.ने आज नकाशा परत बाहेर काढला. लोणावळा ते भीमाशंकर, राजमाचीवरून, सगळा घाटमाथ्यानं. सहा दिवस, पाठीवर सॅक, मुक्काम वाटेतल्या गावांत नाहीतर देवळांत. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं हे बोलतोय. कधी माझ्या लॅबचं ऑडिट, कधी त्याची बदली, कधी अमेयची परीक्षा. यंदा दोघंही रिटायर, तर जूनमध्ये त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, करंजाड्याहून पनवेल स्टेशनपर्यंत खुशाल चाला, डोंगर विसरा.
नकाशा टेबलावर पसरून म्हणाला, "नोव्हेंबरच्या शेवटी गवत सोनेरी असतं. तू जा."
मी एकटी? भाजी लागत होती म्हणून उठले. विषय तिथेच.

८ ऑक्टो., बुधवार
शैलाला विचारलं. मणका. मीनलला विचारलं. नातू. पैसे भरून नेणारे ग्रुप असतात, पण एका रांगेत, शिट्टीवर उठायचं नि शिट्टीवर जेवायचं… नको. मग घरात बसलेलं बरं.
सु. नकाशा गुंडाळत नाही. त्यावरच जेवतो. राजमाचीवर आमटीचा डाग.

१२ ऑक्टो., रविवार
खारघरला सूनबाईचा वाढदिवस. प्रणालीची आई ओवे गावाहून आली होती, मंदाताई, म्हणजे आमच्या विहीणबाई (यापुढे वि.बा., एवढं लांब कोण लिहिणार). मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण आमचं बोलणं साडी, तब्येत, पाऊस यापुढे कधी गेलं नाही. त्या आमच्याकडे येताना पदर सावरून येतात, मी त्यांच्याकडे जाताना चांगली पर्स काढते.
सु. सवयीनं घाटमाथ्यावर घसरला. कुठे पाणी, कुठे मुक्काम. सगळे केक खातायत, हा कुसूरचं पठार समजावतोय. वि.बा. ताट हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, मना न्याल?"
सगळे हसले. अमेय तर ठसकाच लागेपर्यंत. त्या हसल्या नाहीत.

१३ ऑक्टो., सोमवार
सकाळी चहा व्हायच्या आत फोन. वि.बा. "काल मी चेष्टा नाय केली."
मी विचारलं, कधी डोंगर चढला आहात? तर म्हणे, माहेरी लाकडं आणायला, लग्नाआधी. शुगर आहे, गोळी चालू, डॉक्टरनंच चालायला सांगितलंय. आधी एकदा वडाळे तलावाला चालून बघू म्हटलं. बघू म्हणजे हो असतं, हे फोन ठेवल्यावर कळलं.
सु.ला सांगितलं. तो पेन्सिल शोधायला गेला.

१९ ऑक्टो., रविवार
दिवाळीची गर्दी, नि आम्ही दोघी पनवेलच्या बाजारात कंदिलांमधून वाट काढत बूट शोधतोय. वि.बा.ना पुरुषांचे बसले. बाईंचा पाय एवढा मोठा, म्हणून दुकानदार बघत राहिला, तर म्हणाल्या, "चिखलातला पाय हाय."
पँटवर अडलं. आयुष्यात घातली नाही. पडद्याआड खूप वेळ. मला वाटलं रागावल्या. शेवटी आतून फक्त हात आला, मला खूण करून बोलावणारा. आत गेले तर आरशासमोर उभ्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या, आवाज न करता. मग मीही. दुकानदारानं दोनदा विचारलं, काही हवंय का.
दोन पँटी घेतल्या. एकसारख्या.

२२ ऑक्टो., बुधवार, पाडवा
ओव्याला जेवण. तीन मजली घर, दारात दोन गाड्या. व्याही नेहमीसारखे गप्प, पण वाढायला स्वतः उभे.
जेवणानंतर त्यांचा थोरला, जयेश, येऊन बसला. मला धाकधूक होती की आईला सोडणार नाही. तसं काही नाही. उलट फार आनंदात. म्हणाला, काकी, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, मी सगळं ठरवलंय. रोजच्या मुक्कामाला गाडी आधी पोचेल. तंबू, गाद्या, जनरेटर. स्वयंपाकाला माणूस. घरातले सगळे येणार, आत्या येणार, आत्याचे जावई येणार. आईला वाटलं तर चालायचं, नाहीतर गाडीत बसायचं.
मी वि.बा.कडे पाहिलं. त्या करंज्या डब्यात भरत होत्या, माझ्यासाठी.

२५ ऑक्टो., शनिवार
व्हॉट्सॲप ग्रुप झाला. ‘भीमाशंकर फॅमिली टूर’. एकोणीस माणसं. त्यात जेवणवाला नि स्पीकरवाला. कुणीतरी विचारलंय, रिसॉर्ट का नको.
रडू यायला लागलं, मग स्वतःचाच राग आला. किती प्रेमानं करतोय तो मुलगा. नाही कोणत्या तोंडानं म्हणू? व्याह्यांचं घर. प्रणाली मध्ये अडकायची. ती म्हणते, आई, तुम्ही बोलू नका, मी बोलते. बोललेली नाही.
सु. म्हणाला, हा ट्रेक नाही, वरात आहे.

२९ ऑक्टो., बुधवार
दिवाळी झाली तरी पाऊस. छत्र्या घेऊन वडाळे तलाव. दोन फेऱ्या वि.बा. पुढे, मी मागे. मला वाटत होतं, त्यांना हेच हवं असेल. गाड्या, माणसं, जेवणावळी. मग माझा हट्ट कशाला. तिसऱ्या फेरीला सरळ विचारलं, तुम्हाला कसं जायचंय?
मग त्या बोलल्या. आठवतंय तसं लिहिते.
"आमचा शेत व्हता तवा मी खाडीपर्यंत चालत जायची न डोक्यावर भारा घेऊन चालत यायची. जमीन गेली, गाड्या आल्या. आता पोरा मना उंबऱ्यातून गाडीत ठेवतान न गाडीतून उंबऱ्यात. पाय हायत, ताई, पन जायला वाट नाय. मना चालायचाय. पन ती हौसंनं करतान, त्यांना नाय कसा सांगू?"
छत्री मिटून बाकावर बसलो. ओल्याच बाकावर. मी म्हटलं, नाही म्हणायचंच नाही. त्यांना दुसरं काम द्यायचं. सगळी वरात सहाव्या दिवशी भीमाशंकरला. गाड्या, जेवणवाला, आत्याचे जावई, सगळे. तिथे आपली वाट बघायची.
वि.बा. जरा विचार करून म्हणाल्या, स्पीकरवाला नको.

२ नोव्हें., रविवार
काल रात्री जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं. आज फोनवर सगळं ऐकवलं. जयेशनं घास ताटात ठेवला. मग म्हणे, आमचं काही चुकलं का? त्या म्हणाल्या, नाही रे बाबा, पोचल्यावर मला तुझंच तोंड बघायचंय. मग त्यानं विचारलं, बिबट्या आला तर? यावर व्याही, जे जेवताना कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "तिला बघून तो वाट सोडंल." नि सगळं घर हसलं. सुटलं.
ग्रुपचं नाव आता ‘भीमाशंकर स्वागत समिती’. स्पीकरवाला आहेच.

९ नोव्हें., रविवार
कर्नाळा. दोघींच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या, सवय व्हावी म्हणून. सु. नि व्याही खाली चहाच्या टपरीवर.
वि.बा. चढाला दमल्या. चांगल्याच. मध्ये बसकण मारून म्हणाल्या, तुम्ही जा, मी इथेच तांदूळ निवडते. मी बिस्किट दिलं, शुगर बघितली, पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटं बसलो. कारवीच्या वाळक्या काड्या, पलीकडे कुठेतरी हळद्या पक्षी ओरडत होता. मग उठल्या, हळूहळू, माझ्या काठ्या घेऊन. माझा गुडघा उतरताना बोलला, तेव्हा त्यांनी माझी सॅक पुढे अडकवली, स्वतःची मागे. दोन्हीकडून फुगलेल्या. रस्त्यापर्यंत तशाच.
टपरीवर दोघे पुरुष हसत होते. व्याही मिठागरातल्या कुठल्या मुकादमाची नक्कल करत होते, सु. डोळे पुसत होता. जूननंतर त्याला असं हसताना आज पाहिलं.

१५ नोव्हें., शनिवार
सु.ने वाटेतल्या सगळ्या गावांत फोन केले. कुठे भाकरी मिळेल, कुठे देवळात झोपायची सोय. ढाकचा कडा बाजूला ठेवलाय, आम्ही खालून कोंडेश्वर गाठणार. हे सगळं सांगताना नेहमीचा उत्साह. मग माझे बूट गॅलरीत दिसले नि तो त्यांच्यापाशी जाऊन बसला. जवळ गेले. म्हणाला, काही नाही, लेस बदलायला हवी.
बदलून दिली. खूप वेळ घेऊन.
मी नको जाऊ का, असं ओठावर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘जा’च म्हणाला असता, मग त्याला अजून एकदा म्हणायला कशाला लावायचं.

१६ नोव्हें., रविवार
सकाळी तोच म्हणाला, व्याह्यांशी बोलणं झालंय, तिसऱ्या दिवशी ते दोघं गाडीनं कुसूरला येणार. पठारावर थोडंसं, सपाटीवरून, आमच्याबरोबर चालणार. डॉक्टरांना विचारलंय. काठी घेतलीय.
म्हणजे मला न सांगता हे दोघं परस्पर… ! पोळ्या मात्र आज फार चांगल्या झाल्या.

१८ नोव्हें., मंगळवार
वि.बा. सॅक घेऊन आल्या. उघडली तर जोडव्यांचा डबा, देवीचा फोटो, लोणच्याची बरणी (काचेची), सुकटीची पिशवी. आमच्या घरात अंडंही अमेयपुरतं यायचं. मी नाकाला हात लावला नाही, पण चेहरा लपला नसावा. त्याच म्हणाल्या, राहू दे, शुक्रवारपासून मार्गशीर्ष लागतो, महिनाभर मी शिवत नाही, सवयीनं भरली.
खरी अडचण गुरुवारची. पहिला गुरुवार वाटेतच येतोय नि लग्नापासून त्यांनी घट कधी चुकवलेला नाही. घरी धाकटी सून मांडेल, पण मन लागेना. मी म्हटलं, ज्या गावात असू तिथे तांब्या मिळेल, नारळ आपण नेऊ. नारळ कोण उचलणार? मी. बरणी परत गेली, नारळ माझ्या सॅकमध्ये आला. दोघींचं मिळून वजन तेवढंच.

२१ नोव्हें., शुक्रवार, देवदिवाळी
समुद्रात कमी दाबाचा पट्टा म्हणतात. सु. दर तासाला मोबाइल बघतो. अमेय म्हणतो, आई, पुढे ढकल, डोंगर कुठे जात नाही. बरोबर आहे त्याचं. पुढे ढकलत ढकलतच इथवर आलोय.
वि.बा.ना विचारलं. म्हणाल्या, ढग मी गच्चीवरून बघितले, पाणी आहे की नाही कळत नाही. मलाही कळत नाही. ठरलं असं की राजमाचीपर्यंत जायचं, पुढचं तिथे बघायचं. रेनकोट वर ठेवले.

२३ नोव्हें., रविवार
राजमाचीच्या वाटेवर, दगडावर बसून. अक्षर वाकडं येतंय.
सकाळी जयेशनं लोणावळ्याला सोडलं. मागच्या सीटवर दोघे व्याही. सु.ने माझ्या सॅकचे पट्टे दोनदा आवळले नि एकदा सैल केले. व्याह्यांनी बायकोच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का बघितलं. गाडी वळली तेव्हा सु.चा हात खिडकीबाहेर होता, दिसेनासा होईस्तोवर.
मग एकदम शांत. बुटांचा आवाज तेवढा.
गवत खरंच सोनेरी. सोनकी संपलीय, एखाददुसरं फूल चुकून. ओढ्याला पाणी आहे, दोघी तोंड धुऊन आलो. वि.बा. मागे वळून बघत नाहीत, मी दहादा बघितलं. पश्चिमेकडून आभाळ भरून आलंय, खालचं कोकण दिसत नाही. वारा गार. पडेल, किंवा सरकेल.
आत्ता पुढच्या वळणावरून हाक आली.
"ये ना गं. काय लिवत बसलीस?"
दोन वर्षांत पहिल्यांदा अगंतुगं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. टपोरा एक थेंब वहीवर पडला, नि आता थांबलाय. उठते.