चौदा महिने उघडे राहिलेले लाईन परमिट

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक साहेब,
विद्युत निरीक्षण कार्यालय, धुळे.

अर्जदार : सौ. चारुलता हेमराज बोरसे, विद्युत सहायक, रा. सोनगीर, ता. जि. धुळे.

विषय : अर्जदारास आंबेशिवार फीडरवरून कागदोपत्री खाली उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ : लाईन परमिट क्र. ४१, दि. १२ ऑगस्ट २०२४, वेळ सकाळी १०.५०.

महोदय,

आपल्या टेबलावर अपघाताचे अर्ज रोज येत असतील. हा अर्ज अपघात न झाल्याचा आहे, आणि बहुधा म्हणूनच चौदा महिने हे प्रकरण कोणी हातात घेत नाही.

१. अर्जदाराने आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला. वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे तीन वर्षे दोंडाईचाकडे कंत्राटदाराच्या हाताखाली खांब उभे केले, तारा ओढल्या. नोव्हेंबर २०२२ पासून ती तीन वर्षांच्या करारावर विद्युत सहायक आहे. करार येत्या ३१ तारखेस संपतो. त्याआधी "कोणतेही काम प्रलंबित नाही" असा दाखला मिळाला तर ती कायम होईल, न मिळाला तर घरी बसेल. पुढे आपल्याच कार्यालयाची पर्यवेक्षकाची परीक्षा देण्याचे तिच्या मनात आहे, ते वेगळेच.

२. ज्याच्या सहीने लाईन बंद होते त्याच्याच सहीने परमिट परत होते, आणि तोवर लाईनवर माणूस आहे असेच धरायचे, हे आपणांस सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. दि. १२ ऑगस्ट रोजी माणसे कमी असल्याने आठवा महिना चालू असताना परमिट अर्जदाराच्या नावे निघाले. ती खांबाखाली उभी होती. वर हेल्पर श्री. झुलाल भिल इन्सुलेटर बदलत होते. सव्वाबाराला अर्जदारास कळा सुरू झाल्या. झुलालभाऊ उतरले, अर्थिंगची साखळी काढली, आणि शेजारच्या शेतातल्या गाडीत अर्जदारास घालून धुळ्यास निघाले. वाटेत ते एकच वाक्य म्हणत होते, "ताई, दम धर, धुळं उनंच दख," म्हणजे धुळे आलेच बघ. परमिट अर्जदाराच्या पिशवीत तसेच राहिले.

३. तिकडे तीन गावे अंधारात होती. उपकेंद्राचे ऑपरेटर श्री. मोतीलाल नाना यांनी झुलालभाऊंना फोन करून सगळे उतरल्याची खात्री केली आणि सायंकाळी सहाला लाईन चालू केली. तोंडी शब्दावर लाईन चालू करणे हा गुन्हा आहे. म्हणून रजिस्टरात लाईन चालू केल्याची नोंदच नाही. लाईन आजही बंद आहे, त्या बंद लाईनवर तीन गावांच्या मोटारी चालतात, आणि अर्जदार अजून कामावर आहे.

४. याचे परिणाम असे. प्रसूती रजा नामंजूर झाली, कारण लाईनवरील कर्मचाऱ्यास रजा देता येत नाही. रजाच नाही म्हणून रजेवरून हजर होता येत नाही. एक परमिट उघडे असताना दुसरे मिळत नाही, म्हणून कामही नाही. अर्जदार रोज कार्यालयात जाते, बाकावर बसते आणि परत येते. गेल्या महिन्यात सुरक्षा विभागाची नोटीस आली : एकाच खांबावर सलग तेरा महिने असताना अर्जदाराने मुदत संपलेला सुरक्षा पट्टा का बदलला नाही? पट्टा जमा करायला गेल्यावर उत्तर मिळाले की काम चालू असताना पट्टा काढता येत नाही.

अर्जदाराच्या सासूबाई कमलबाई स्वतः चौकशीस गेल्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, "अक्का, तुनी सून कागदवर आजून खांबवरच शे." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मंग मना घर रोज जेवस ती कोन शे?"

५. अर्जदाराच्या कार्यालयातील साहेबांनी एक वाट सुचवली आहे. त्याच दिवसाची, दुपारी १.१० ची वेळ टाकून परमिटावर सही करावी, म्हणजे सगळे मिटेल. परंतु दुपारी १.१० ला अर्जदारास कन्यारत्न झाले असे दवाखान्याच्या कार्डावर लिहिले आहे. एकाच मिनिटाला अठरा किलोमीटरच्या अंतरावर दोन ठिकाणी हजर राहणे अर्जदारास जमले नव्हते. आणि या धंद्यात बाकी कुठे काहीही लिहिले जात असेल, परमिटावर खोटे लिहायचे नाही, हे तिला खांब चढण्याआधी शिकवले गेले आहे. त्या कागदावर विश्वास ठेवून माणूस तारेला हात लावतो.

(पान दोनच्या कोपऱ्यातील निळा ठसा कन्येच्या पंजाचा आहे. अर्ज ती झोपेल तेव्हा आणि तेवढाच लिहिला गेला, त्यामुळे अक्षर जागोजागी बदलले आहे. क्षमा असावी.)

६. अर्जदार इतके दिवस गप्प राहिली ती नानांसाठी. त्यांची निवृत्ती जवळ आहे, आणि खरे लिहिले तर ते अडकतात. गेल्या रविवारी ते घरी आले, कन्येला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "जे व्हयनं तेच लिख, पोरी. मी ते चालनू रिटायर. तुले आजून खांबवर चढनं शे." तरी विनंती आहे की, शिक्षा देताना त्यांनी लाईन चालू करण्याआधी माणसांची चौकशी केली होती, हेही लिहिले जावे.

७. सबब मागणी एवढीच : ३१ तारखेपूर्वी आपण स्वतः यावे आणि आपल्या समक्ष फीडर दहा मिनिटे बंद करावा. अर्जदार त्याच खांबाखाली उभी राहून लाईन डोळ्यांनी तपासेल आणि त्या दिवसाची खरी तारीख, खरी वेळ टाकून सही करेल. विलंबाच्या कारणापुढे "बाळंतपण" असे लिहू द्यावे.

परमिटावर शेवटी दोन रकाने असतात. "लाईनवर गेलेली माणसे" यापुढे अर्जदाराने त्या सकाळी "दोन" लिहिले होते. "सुखरूप परतलेली माणसे" हा रकाना कोरा आहे. तिथे "तीन" लिहिण्याची परवानगी असावी.

उतरण्याच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
सौ. चारुलता हेमराज बोरसे
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) परमिट क्र. ४१, मूळ प्रत. २) दवाखान्याचे कार्ड. ३) सुरक्षा विभागाची नोटीस. ४) श्री. मोतीलाल नाना यांचा सहीचा जबाब.