मोठ्या ड्रमला पाठ लावून

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (सध्या कंबर वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात वाकलोय असं समज). वहिनींची डोकेदुखी थांबली का? तुझं कानात तेल घालणं सुटलं का? इकडे सगळं क्षेम. हिचा माझ्याशी अबोला आहे, पण तब्येत उत्तम.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात दुकानात एक सत्तरीचे गृहस्थ कोट घेऊन आले. मुंढे सैल करून हवे होते, हात वर करून वाजवता येत नाही म्हणाले. काय वाजवता विचारलं, तर ड्रम. आणि बोलता बोलता कळलं, की आपण दोघांनी सुई झिजेपर्यंत ऐकलेल्या त्या जॅझच्या रेकॉर्डवरचा ड्रमर तो हाच. माझ्या हातातली टेप गळून पडली. सगळी रेकॉर्ड तोंडपाठ आहे म्हणालो (छातीचं माप घेताना याहून बरं काही सुचलं नाही). त्यांनी रविवारी दुपारी चारला वाचनालयात कार्यक्रमाला बोलावलं.

हिला घेऊन गेलो. पहिल्या रांगेत बसलो. ड्रमखाली घालायचा गालिचा ते घरी विसरले होते आणि वाचनालयाची फरशी म्हणजे आरसा. पायाचा ठोका पडला की मोठा ड्रम बोटभर पुढे सरके. तिसऱ्या मिनिटाला तो माझ्या बुटांशी आला. वाजवणं न थांबवता ते म्हणाले, "टेलरभाऊ, जरा पाठ लावा." लावली. दीड तास, जमिनीवर, ड्रमला टेकून, लोकांकडे तोंड करून. समोर माझी सात गिऱ्हाइकं आणि ही. (अबोल्याचं मूळ इथे आहे.)

पण दादा, काय सांगू तुला. रेकॉर्डवर तो मोठा ड्रम उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा ऐकू येतो. इथे तो माझ्या बरगड्यांत वाजत होता. आपण जिला नुसतं 'छिस्स' म्हणायचो ती झांज भिंतीपर्यंत जाऊन परत येते आणि येताना वाटेत पुढच्या ठोक्याला भेटते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि हळू वाजवणं म्हणजे आवाज बारीक करणं नव्हे. त्यांनी तारांचे ब्रश घेतले, कापडावरून खडू फिरावा तसे फिरवले, आणि अख्खी खोली पुढे झुकली. मला वळता येत नव्हतं, म्हणून मी लोकांचे चेहरेच पाहत होतो. हीसुद्धा झुकली होती. शिवाय ते वाजवताना सारखं पुटपुटत होते, बाळाला झोपवताना पुटपुटतात तसं. रेकॉर्डवर यातलं काही नाही.

दुसऱ्या बाजूची ती जागा आठवते? सॅक्सोफोन थांबतो आणि ते एकटे उरतात? मी श्वास धरून बसलो. तिथे त्यांनी भलतंच काहीतरी वाजवलं, आणि ते इतकं सुंदर होतं, की आपलं नेहमीचं मला आठवेना.

नंतर कोट चढवून देताना विचारलं, रेकॉर्डवरचं का नाही वाजवलं. म्हणाले, ते त्या दिवशीचं होतं. रेकॉर्डिंगला त्यांना काचेपलीकडच्या कोंदट खोलीत बसवलं होतं, ड्रममध्ये रजई कोंबली होती, वर हळू वाजवा म्हणून तंबी. "त्यातला निम्मा आवाज माझा, निम्मा रजईचा," म्हणाले.

मग मी सांगून टाकलं. माझा मोठा भाऊ त्या रेकॉर्डबरोबर वाजवायचा, मी जिन्यात बसून 'तसं येत नाही' म्हणायचो, रोज म्हणायचो, आणि एक दिवस त्यानं वाजवणंच सोडलं. त्यांचा एक हात बाहीत, एक बाहेर.

मग म्हणाले, "तसं मलाही येत नाही."

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझे ड्रम शाळेला देऊन टाकले असं मी सांगितलं होतं, ते खोटं. ते दुकानात मागे, अस्तराच्या ताग्यांखाली आहेत. मोठ्यावर, तागे सरकवून, गिऱ्हाइकं ट्रायलला बसतात. कातडं शाबूत आहे.

ता. ता. क. कोटाचा डावा मुंढा अजून काचतो, म्हणून ते या शनिवारी सकाळी दुकानात येताहेत. तूही ये. तू सोडलंस हे सांगितल्यावरही, निघताना माझा भाऊ ड्रम वाजवतो, असं मी त्यांना सांगून बसलोय. 'वाजवायचा' म्हणायला हवं होतं, पण आता तोंडातून गेलं, आणि दुरुस्त करायला माझं व्याकरण पहिल्यापासून कच्चं.