समोरच्या हेडमास्तरांची सही

अप्पा,

आज मी मृत्युपत्र केलं. तुम्ही असता तर आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला असता, कारण तुमच्या मते ही आजारी माणसानं करायची गोष्ट. मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, तेही टी. नगरच्या त्या जिन्यावर. वकीलबाईंचं ऑफिस साड्यांच्या दुकानाच्या वर, आणि तमिळ आडी महिन्याचा सेल लागलेला, त्यामुळे पायरीपायरीवर पिशव्या घेऊन टेकलेल्या बायका. वकीलबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी बसल्याबसल्या जरा ओशाळूनच विचारलं, "मी घाई तर करत नाही ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, लोक मला आयसीयूच्या बाहेरून फोन करतात. मग सही थरथरते आणि पुढे सगळे त्या सहीवरूनच भांडतात. घर नावावर झालं की यायचं, मूल झालं की यायचं, घरातलं कुणी गेलं की परत यायचं. तुम्ही उशिराच आलात." आणि मग वही उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्यानंतर त्या घरात राहणार कोण? नावावर कुणाच्या करायचं ते नंतर." अप्पा, हा प्रश्न कुणी तुम्हाला वेळेवर विचारला असता, तर आत्याचे डोळे तिच्या स्वतःच्या घरात मिटले असते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, धाकटा पाच. आत्या सोलापूरहून इकडे मद्रासला आली ती दोन महिन्यांसाठी. शाळेतून बिनपगारी रजा काढून, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ती रजा संपलीच नाही. तुम्ही आवडी गावातल्या फॅक्टरीतून चारला सुटायचा, बस अंबत्तूरला घराच्या कोपऱ्यावर सोडायची, आणि तुमचा डबा धुवायला पडायच्या आत आत्याची कॉफी तयार असायची. इथे आल्यावर ती चहावरून कॉफीवर कधी आली ते कुणालाच कळलं नाही. भाजीवालीशी तिचं तमिळ ऐकून तुम्ही पोट धरून हसायचा. "ही भांडते तमिळमध्ये आणि पैसे मोजते मराठीत," म्हणायचा. खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर तिचं होतं. तिथे ज्वारीच्या पिठाचा डबा कुठे, गुळाचा कुठे, हे आम्ही विचारायचं आणि तिनं न बघता सांगायचं. सांबारात ती चमचाभर काळा मसाला घालायची आणि समोरच्या हेडमास्तरांकडे वाटी पाठवायची. ते दारातूनच ओरडून सांगायचे की हे सांबार नाही, पण उद्या परत पाठवा.

बँकेत मला पहिली बढती मिळाली तेव्हा मी शहाणपणा करायला गेले. रविवार होता, तुम्ही ओट्यावर बसून सायकलची साखळी पुसत होता. मी म्हटलं, "अप्पा, एकदा वकिलाकडे जाऊन घराचं काय ते लिहून ठेवू या." तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझ्या घरात भांडणं आहेत का?" नाहीत, म्हटलं. "मग तिसरा माणूस कशाला? आणि मी अजून बसलोय इथे, दिसतोय ना तुला?" त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी तुटकच बोलत होता. मला वाईट वाटलं, रागही आला. बँकेत रोज बघत होते मी, वारसाच्या कागदासाठी रडकुंडीला आलेली माणसं. ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं तोच मालक, असं समजून बसलेली. पण तुमच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

मनावर मात्र घेतलंत तुम्ही, रिटायर झाल्यावर. वकिलाशिवाय, स्वतः. फूलस्केपचे तीन कागद, समास आखलेले, तुमचं ते वळणदार अक्षर. शुद्ध मराठीत. वरचा मजला आम्हा दोघा भावंडांना, खालचं घर आत्याला, तिच्यानंतर आम्हाला. "जिने स्वतःचे घर केले नाही, तिला या घरातून कोणी ऊठ म्हणू नये." हे वाक्य मला पाठ आहे. शेवटी तुमची सही, आणि खाली दोन साक्षीदारांसाठी आखलेल्या दोन मोकळ्या ओळी.

त्या ओळी मोकळ्याच राहिल्या. समोर हेडमास्तर होते, वीस वर्षांचा शेजार, त्यांची बायको होती. पण तुमचं म्हणणं, साक्षीदाराला मजकूर वाचता आला पाहिजे. ज्याला मराठीचं एक अक्षर येत नाही त्याची सही घेणं म्हणजे त्याला फसवणं, आणि मित्राला आपण फसवत नाही. तुमचा सरळपणा, दुसरं काय! मराठी वाचणारे तुमच्या ओळखीचे दोघे, त्यातला एक पुण्याला मुलाकडे गेलेला, दुसऱ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा असं ठरलं की गणपतीत मंडळात सगळे मराठी लोक भेटतात, तेव्हा आरतीनंतर दोघांच्या सह्या घ्यायच्या. कागद कपाटात गेला. आडी महिन्यात एका दुपारी तुम्ही जेवून खुर्चीत बसलात आणि उठला नाहीत. गणपतीला महिना होता.

तेराव्याला हेडमास्तर आले. आत्यानं त्यांना कागदाचं सांगितलं. ते आपल्या हाताकडे बघून म्हणाले, "ओरु कैयेळुत्तु ताने, अम्मा?" एक सहीच ना, बाई? मी समोर बसून होते. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. साक्षीदार नाहीत, म्हणजे हे मृत्युपत्र नाही, म्हणाले. मृत्युपत्र नाही म्हणजे घर मुलांचं, बहिणीला त्यात काही नाही. धाकट्यानं विचारलं, समोरच्यांना मराठी येत नसेल तर अप्पा तरी काय करणार? वकिलांनी चष्मा काढला. "साक्षीदारानं मजकूर वाचायचा नसतो. माणूस सही करताना बघायचं आणि आपण सही करायची, एवढंच." मी "अय्यो" म्हणून तोंडावर हात घेतला. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग वकील म्हणाले की वडिलांची इच्छा तर कळतेच आहे, तुम्ही दोघांनी मनात आणलंत तर आपण होऊन आत्याला खालचं घर लिहून देऊ शकता. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो वाईट नाही, अप्पा. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात शिफ्ट, कंपनीच्या बसमध्ये दिवसाचे तीन तास, त्याला तिकडे घर हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यानं नाही म्हटलं नसतं. कायद्यानं आत्याचं घर काढून घेतलं असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. काढून आम्ही घेतलं.

घर विकलं. आत्या माझ्याकडे आली, तीच ट्रंक घेऊन. अकरा वर्षं राहिली. तिला काही कमी पडू दिलं नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती विचारायची, "गॅस लावू का गं?" रोज. मी चिडायचे. "आत्या, विचारतेस काय, तुझंच घर आहे!" ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. एकदा मीच विषय काढला, तुमच्या कागदाचा. ती म्हणाली, "दादानं लिहिलं तरी होतं. मला तेवढं पुरे." पुरे नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा ट्रंकेत तुमचे ते तीन कागद निघाले, सुती साडीच्या घडीत. घडीवर मऊ पडून फाटायला आलेले.

आज ह्यांच्यासाठी लिहून ठेवलं. फ्लॅट माझ्या नावावर आहे. हे जिवंत असेपर्यंत त्यांचा राहण्याचा हक्क, मग लेकीला. मी आपली "मुलीनं बाबांना सांभाळावं" असं लिहून नेलं होतं. वकीलबाईंनी ते खोडलं. "सांभाळावं म्हणजे काय ते कोर्टाला कळत नाही. राहण्याचा हक्क, मरेपर्यंत, घर विकता येणार नाही, असं लिहू." तुमचं वाक्य किती सुंदर होतं, अप्पा, आणि हे किती कोरडं. पण ह्यांना गॅस लावताना कुणाला विचारावं लागणार नाही. पुढच्या आठवड्यात रजिस्टरही करून घेणार आहोत. सक्ती नाही, पण कागद सुरक्षित राहतो, असं त्या म्हणाल्या.

साक्षीदार म्हणून बँकेतल्या दोघी आल्या होत्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यातली एक कागद हातात घेऊन चाचरत म्हणाली, "मी सगळं वाचायला हवं का, मॅडम?" वकीलबाई म्हणाल्या, "गरज नाही. त्या सही करताना बघा, मग तुम्ही करा." सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. ट्रंकेत तुमच्या कागदांवर ठेवून देईन. पण आज जे आत्यालाही कधी सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. वाचायची गरज नसते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ज्यांना एक अक्षर वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांचे अंगठे मी काउंटरवर रोज घेत होते, बाजूच्या माणसाची साक्ष घालून. लिहून झालं त्या संध्याकाळी तुम्ही कागद माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "मराठी वाचणारे दोघे आता आणायचे कुठून?" समोर हेडमास्तर तुळशीला पाणी घालत होते, हाक मारली असती तर ओल्या हातानं आले असते. मी वाचत वाचत आत्याच्या ओळीपर्यंत आले, खालचं घर, आणि थांबले. कागदाची घडी घातली. गणपतीत बघू, अप्पा, असं मीच म्हणाले होते.