खळी कुणाची

आई, तुझी नात पाच वर्षांची झाली. हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडते. बारशाला सासूबाईंनी चारचौघींत विचारलं, ही खळी कुणाची, आमच्यात तर कुणालाच नाही. माझ्या तोंडून पटकन निघालं, माझ्या आईची. सासरी तुला कुणीच पाहिलेलं नाही आणि तुझा जो एकच फोटो आहे, त्यात तू हसत नाहीस. कुणाला खोडून काढता आलं नाही.

खरं असं आहे की माझी बीजं मूल व्हायला उपयोगाची नव्हती. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या बाईचं बीज घेता येईल. तिला बरेच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील, मग भूल देऊन बीजं काढतील, आणि कायद्यानं हे तिला आयुष्यात एकदाच करता येतं. तिचं नाव आम्हाला कळणार नाही, आमचं तिला कळणार नाही. तिला कुणी भरीस तर घातलं नाही ना, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, तिला एकटीला बसवून विचारलंय, तिला स्वतःचं लेकरूही आहे. होणाऱ्या मुलावर तिचा काही हक्क राहणार नाही, हे ऐकून तर मला फारच बरं वाटलं. नऊ महिने मी पोटात वाढवलं, टाके मला पडले, आणि आता ती न पाहिलेली बाई रोज माझ्या घरात हसते. तिच्या लेकरालाही अशीच खळी असेल, या विचारानं माझा जळफळाट होतो. तुझा जावई मुलीला आरशापुढे धरून म्हणतो, कान बघ, माझेच. मला त्या कानांचाही हेवा वाटतो.

अकोले तालुक्यातलं आपलं खाचर आठवतं. त्या वर्षी आपलं भाताचं रोप कुजलं आणि शेजारच्या काकूनं तिच्या रोपाच्या जुड्या दिल्या. मग येता-जाता ती बांधावरून म्हणायची, आमचं रोप लई जोरात आलंय. तू चुलीपुढे बसून नुसती धुसफुसायचीस. भात झोडून झाल्यावर मात्र नव्या तांदळाचं पहिलं सूप भरून तू तिच्या घरी निघतेस, मी मागे मागे. तिच्यावर चिडलीस ना, मी विचारते. तू न थांबता म्हणतेस, "चिडलेच हाय. पन रोप तिचं हुतं, त्ये सांगाया मला कसली लाज? चिखल मी तुडवलाय."

मला सूप भरून न्यायला बीज देणाऱ्या त्या बाईचं घर माहीत नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, मुलीला लहानपणीच सांगा, बाहेरून कळू देऊ नका. मी आज-उद्या करत राहिले. काल ती तुझ्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हस ना, मला तुझी खळी बघायचीय." येत्या रविवारी तिला सांगणार आहे. त्याआधी तुला सांगावं म्हणून हे लिहिलं. हे कुठे पाठवायचं नाहीच, घडी करून तुझ्या फोटोच्या मागे ठेवीन.

एक राहिलं. त्या बाईचा इतका हेवा करते, पण दिवसातून दहादा पोरीला गुदगुल्या करते, ती खळी बघायला.