मम्मा रडली म्हणून

३ मे, रविवार. झांबोआंगा, फिलिपिन्स
बायकोची, मारिविकची, बदलीची ऑर्डर आली. बागियो, आर्मी हॉस्पिटल, दोन वर्षं. आमच्या घरात कॅप्टन ती, आर्मीत नर्स, म्हणून ऑर्डर तिला येते. खोकी बांधायचं काम माझं.
ती म्हणाली, "सेब, या वेळी मी एकटीच जाते. जोबेलचं सहावीचं वर्ष आहे, तुझं दुकान आहे, आई आहेत. सुट्टीत येत जाईन."
मी म्हटलं, शांतपणे विचार करून सांगतो.
शांतपणे विचार केला. पटलं नाही.

५ मे, मंगळवार
प्रश्न सोडवला. आवाज न चढवता.
जोबेलला सांगितलं, "तू येणार नाहीस म्हणून मम्मा रडत होती." मारिविकला सांगितलं, "जोबेल म्हणते, मम्माशिवाय एक दिवसही राहणार नाही."
दोन्ही वाक्यं प्रेमाची आहेत. खोटं म्हणजे ज्यात कुणाचं नुकसान होतं ते. इथे कुणाचं झालं?
जोबेल नुकतीच शाळेच्या बँडची लीडर झाली होती. पुढे काठी फिरवत चालायचं, मागे सगळे ढोल. संध्याकाळी जाऊन बाईंना काठी परत देऊन आली. बारा वर्षांची पोर, पण समज केवढी. माझ्यावर गेलीय.
मागच्या खेपेला मारिविक आठ महिने होलो बेटावर होती, तेव्हाचा इथे काही संबंध नाही. तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरची सात्ती, काडीवर भाजलेलं मटण, खायचो आणि दुरुस्तीला आलेल्या एसींशी बोलायचो, हे आई सगळ्यांना सांगते. फुगवून सांगते.

१६ मे, शनिवार
पॅकिंग. दुकान बंद केलं. हत्यारं, गॅसचं सिलिंडर, दोन जुने कॉम्प्रेसर बरोबर घेतोय. चौकशी केली: बागियोत एसी दुरुस्त करणारा एकही माणूस नाही. म्हणजे कॉम्पिटिशन शून्य. तिथल्या लोकांना हे कसं सुचलं नाही, नवल आहे. हजार व्हिजिटिंग कार्डं छापली.
आई खोक्यांकडे बघत म्हणाली, "पोरीला विचारलंस का रे?"
म्हटलं, "तीच म्हणाली."
आई म्हणाली, "मला तर काही बोलली नाही." आणि आत गेली. म्हातारपणी माणसं संशयी होतात.

२४ मे, रविवार. बागियो
बोट, मग बस, मग आर्मीचा ट्रक. क्वार्टर टेकडीवर. सोफा दारातून आत जाईना, म्हणून व्हरांड्यात ठेवला. धुक्याने ओला झाला.
थंडी आहे. मे महिन्यात स्वेटर. जोबेलने दोन घातले आणि खिडकीत बसली. समुद्र कुठल्या बाजूला, विचारत होती. मी अंदाजाने हात केला. मारिविक म्हणाली, तिकडे डोंगर आहे.

२ जून, मंगळवार
शाळा सुरू झाली. "कशी आहे?" विचारलं. म्हणाली, "छान."
मैत्रिणी? "छान." डबा? "छान." वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत आपसात इलोकानो बोलतात. तिला त्यातलं एक अक्षर येत नाही. मी म्हटलं, "मग तू काय करतेस?" म्हणाली, "ते हसले की हसते."
छातीत जडपणा वाटतोय. उंचीमुळे असणार. मारिविकला सांगितलं. तिने बीपी बघितलं, नाडी बघितली आणि म्हणाली, "तुला काही झालेलं नाही."
डॉक्टरला दाखवायला हवं. नर्सना सगळंच कळतं असं नाही.

९ जून, मंगळवार
व्हरांड्यात बोर्ड लावला. 'अटिलानो एअरकॉन. दुरुस्ती, गॅस भरणे, सर्व्हिसिंग.' शेजारच्या सार्जंटची बायको, मनांग लिसिंग, कपडे वाळत घालता घालता वाचत होती. इकडे वयाने मोठ्या बाईला मनांग म्हणतात.
तिने विचारलं, "हे यंत्र काय करतं?"
म्हटलं, "खोली थंड करतं."
तिने तोंडातली वाफ दाखवली आणि म्हणाली, "बाळा, आमच्याकडे हे काम देव करतो. फुकट."
पावसाने कपडे चार दिवस वाळत नाहीत असंही म्हणाली. माझ्याकडे कार्ड मागितलं. तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.
बिझनेसमध्ये सुरुवातीचा काळ असा असतोच.

१४ जून, रविवार
संकल्प: आज मारिविकला खरं सांगायचं. उंचीचा त्रास फार वाढलाय.
कारण असं. गुरुवारी जोबेलला आणायला शाळेत गेलो. मैदानात त्यांचा बँड सराव करत होता. ती कुंपणाला टेकून उभी होती. हातात छत्री. मिटलेली. पाऊस पडत होता आणि ती छत्री बोटांवर फिरवत होती, काठी फिरवतात तशी. मला बघून थांबली. म्हणाली, "चला पापा. छान होतं."
मारिविक दुपारी डबल ड्यूटी करून आली. बूट काढून ओल्या सोफ्यावरच बसली. म्हणाली, "बोल, काय सांगायचंय?"
मी म्हटलं, "टाकीचं पाणी कमी येतंय."
उठली आणि टाकी बघून आली. भरलेली होती.

२१ जून, रविवार
फादर्स डे. जोबेलने स्वतः कार्ड केलं होतं. मारिविकने सिनिगांग केलं, आंबट, गरम सूप. असा छान बेत. सगळे एकत्र. मी म्हटलं, बघा, हेच तर मी म्हणत होतो.
जोबेल मारिविकला म्हणाली, "मम्मा, तू आता रडत नाहीस ना?"
मारिविक म्हणाली, "मी? कशाला?"
"मी इथे येणार नव्हते म्हणून तू रडलीस ना. पापा म्हणाले."
मारिविकने डाव खाली ठेवला. होलोच्या तंबूत गोळ्या लागलेली पोरं शिवताना ही बाई रडली नाही. जोबेललाही हे ठाऊक आहे. म्हणून तर ती घाबरली होती, हे आज कळलं. मम्मा रडली म्हणजे काहीतरी फारच भयंकर असणार, असं तिला वाटलं होतं.
मारिविक म्हणाली, "मला तर सांगितलं, तू माझ्याशिवाय राहायला तयार नाहीस."
जोबेल म्हणाली, "मी असं कधी म्हटलं?"
दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी भात वाढून घेतला. भात होता पानात.

२२ जून, सोमवार
मारिविक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. सकाळी युनिफॉर्म घालून टेबलाशी बसली आणि जोबेलला म्हणाली, "आता मी विचारते. पापांकडे बघायचं नाही. तुला काय हवंय?"
जोबेल माझ्याकडे बघायची थांबली. म्हणाली, "लोलाकडे. हे वर्ष संपेपर्यंत." लोला म्हणजे आजी, माझी आई. मग पटकन म्हणाली, "तुमचा राग नाहीये पापा."
मारिविकने झांबोआंगाच्या शाळेत बाईंना फोन केला. जागा आहे. काठी मात्र आता दुसऱ्या मुलीकडे गेलीय. जोबेलला मागच्या रांगेत ढोल मिळेल. ती म्हणाली, "चालेल."
मला चालेना. पण मला कुणी विचारलं नव्हतं.
मग मारिविकने विचारलं. "सेब, आणि तू? तिच्याबरोबर गेलास तर दुकान उघडता येईल. खरं सांग."
खरं सांगायचं ठरवून मी कारणं द्यायला लागलो: क्वार्टर, टाकी, मनांगचं टेबल. ती घड्याळ न बघता थांबून राहिली. शेवटी म्हटलं, "तू नसलीस की मला घरात थांबवत नाही."
ती म्हणाली, "हे मे महिन्यात म्हणाला असतास तर?"
ड्यूटीला गेली.

२८ जून, रविवार
मारिविकच्या हॉस्पिटलातली एक लेफ्टनंट सुट्टीवर झांबोआंगाला निघाली होती. जोबेल तिच्याबरोबर गेली.
बस स्टँडवर माफी मागायची, हा संकल्प. काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. मोजकं: 'चुकलो. तुझी काठी माझ्यामुळे गेली.' आंघोळीच्या वेळी दोनदा म्हणून पाहिलं. नीट जमत होतं.
बस लागली. मी म्हटलं, "खिडकीपाशी बस. उलटी आली तर पिशवी आहे. स्वेटर मनिलात काढ."
ती म्हणाली, "हो पापा." आणि कुणी बघत नाही असं पाहून मला मिठी मारली.
मारिविक शेजारी उभी होती. बस गेल्यावर म्हणाली, "झालं बोलून?"
म्हटलं, "बरंचसं."

८ जुलै, बुधवार
बोर्ड काढला. मनांगचं टेबल दुरुस्त केलं. तिने मोबदला म्हणून रताळी दिली.
मारिविक नाइट ड्यूटीला. आता फोनवर माफी मागायची. समोरासमोर बोलण्यापेक्षा फोनवर सोपं जातं, हे शास्त्र आहे. संध्याकाळी लावला. आईने उचलला. म्हणाली, "जोबेल सरावाला गेलीय. खांद्याला ढोलाचा पट्टा घासतो म्हणून कापड शिवून दिलंय. काही निरोप आहे का?"
मी म्हटलं, "तिला सांग..."
मागे कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता.
म्हटलं, "सांग, आम्ही नीट पोचलो म्हणून."
आई म्हणाली, "अरे, ते तू मे महिन्यातच कळवलंस."